हाइडेतला बेडूकतोंड्या

हाइडे, म्हणजे इथला फुलांचा माळ, बघायला जाऊ, ही कल्पना माझी होती. पक्षी बघायला जाऊ, ही कोणाचीच नव्हती. आमच्या घरात पक्ष्यांचं वेड कोणालाही नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या आमच्या बाल्कनीत कबुतरं येतात, त्यांना मी झाडूने हाकलते, एवढाच काय तो संबंध. तरी ही पोस्ट शेवटी एका पक्ष्याबद्दलच होणार आहे. ज्यांना फक्त ट्रेन, राहणं आणि खाणं एवढंच हवंय त्यांनी मधलं गाळून वाचलं तरी चालेल, मी रागावणार नाही.

आधी घरची माणसं. मी मुग्धा, मूळची नाशिकची, इथे विद्यापीठात पोस्टडॉक करते. नवरा अभिजित, म्हणजे अभि, कराडचा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मुलगी इरा, तेव्हा अकरा महिन्यांची, भिंतीला धरून उभी राहणारी आणि हाताला लागेल ते तोंडात घालणारी. आणि जुलैमध्ये कराडहून आलेले माझे सासू-सासरे. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते; निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून स्टँडवरचाच आहे.

ऑक्टोबरात आई-बाबा परत जाणार होते आणि इरा त्यांच्याबरोबर जाणार होती. फिरायला नाही. राहायला, तीन वर्षांची होईपर्यंत. इथे किटा, म्हणजे पाळणाघर, मिळणं म्हणजे लग्नाला मुहूर्त मिळण्यापेक्षा अवघड. आम्ही ती पोटात असताना नाव घातलं होतं, तरी सगळीकडून नकारच आले. माझी सुट्टी ऑक्टोबरात संपत होती आणि पोस्टडॉकचं कंत्राट कोणासाठी थांबत नाही. तेव्हा आईच म्हणाल्या होत्या, "आम्ही आहोत ना. मी सांभाळते कराडला. अभि नाही का वाढला आजोळी? काय वाईट झालं त्याचं?" इथल्या भारतीय घरांत हे काही नवं नाही, माझ्या ओळखीतल्याच दोघींनी केलंय. मी हो म्हटलं. हॅम्बुर्गच्या भारतीय वकिलातीत खेपा घालून इराचा पासपोर्ट आणला, तिकीट काढलं, आणि मग रोज सकाळी उठल्यावर ती जायला किती दिवस उरले ते मोजायला लागले. हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सगळे माझ्या सोयीसाठीच तर करत होते. म्हणून म्हटलं, निदान सगळ्यांनी मिळून एक सहल तरी करू.

ऑगस्टच्या शेवटी ल्युनेबुर्गर हाइडे जांभळी होते. मैलोन्‌मैल गुडघाभर उंचीची झुडपं, त्यांना बारीक जांभळी फुलं. ब्राउनश्वाइगहून जायचं तर नीडरझाक्सन तिकीट काढा. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, दिवसभर सगळ्या लोकल गाड्या चालतात, शनिवार-रविवारी सकाळी लवकर निघता येतं. हानोफरला गाडी बदलायची आणि मग झोल्टाऊकडे जाणारी छोटी गाडी पकडायची. ती दर गावाला थांबते, त्यामुळे बाळाला आणि एसटीतल्या माणसाला मजा येते. बाबा प्रत्येक स्टेशनवर घड्याळ बघत होते आणि गाडी वेळेवर सुटली की मान हलवत होते.

"कंडक्टर दिसत नाही कुठं," ते म्हणाले.

"बाबा, मध्येच येतो कधीतरी. नाही आला तर नाही."

"मग लोकं तिकीट कशाला काढतात?"

अभि झोपेचं सोंग घेऊन बसला होता.

झोल्टाऊहून बसने हाइडेतल्या एका गावात. इथे एक सांगते, बाळ असेल तर गाडा, म्हणजे बाबागाडी, नेऊ नका. हाइडेतल्या वाटा वाळूच्या आहेत आणि चाकं रुततात. आम्ही अर्ध्या वाटेत इराला अभिच्या पोटाशी बांधलं आणि तो रिकामा गाडा बाबांनी उचलून खांद्यावर घेतला. समोरून येणारी जर्मन माणसं आधी गाड्याकडे बघायची, मग बाबांकडे, मग "मोइन", म्हणजे इथला रामराम, म्हणायची. बाबा सगळ्यांना "मोइन मोइन" म्हणत होते. तीन तासांत ते अख्ख्या हाइडेशी ओळख करून मोकळे झाले.

फुलं मात्र खरोखर बघण्यासारखी आहेत. आई एका उंचवट्यावर उभ्या राहून चहूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कासच्या पठारासारखं आहे गं."

"कासला कुंपण घातलंय," बाबा म्हणाले. "इथं नाही."

"इथली माणसं फुलात लोळून फोटो काढत नाहीत, म्हणून नाही," आईंनी त्यांना गप्प केलं. वाटेत करड्या, लांब लोकरीच्या मेंढ्यांचा कळप लागला. त्यांना हाइडश्नुके म्हणतात. त्या झुडपं खातात, म्हणून पठार मोकळं राहतं. इरा त्यांना बघून इतकी हसली की अभिचा शर्ट लाळेने भिजला. मी फोटो काढत सुटले. एवढे काढले की आई म्हणाल्या, "अगं, बघ तरी तिच्याकडे. सगळं फोनातूनच बघतेस." मला काय झालं होतं ते मला माहीत होतं. मी साठा करत होते.

दुपारी खाण्याचा प्रश्न आला. आईंचा शनिवार असतो, मारुतीचा. संध्याकाळपर्यंत उपवासाचंच. मी घरून साबुदाण्याची खिचडी नेली होती, ती आगगाडीतच संपली. त्यातली निम्मी बाबांनी खाल्ली, ज्यांना कसलाही उपवास नव्हता. गावात एक कॅफे होतं आणि तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे बुखवाइत्सनटॉर्ट. बुखवाइत्सन म्हणजे कुट्टू, आणि कुट्टूचं पीठ उत्तर भारतात उपवासाला चालतं, हे मला माहीत होतं. मी छाती ठोकून सांगितलं, "आई, हा उपवासाचा केक आहे. गहू नाही, काही नाही. बिनधास्त खा." दोन थर, मध्ये आंबटगोड लाल फळांचा मुरांबा आणि वर क्रीमचा डोंगर. आईंनी एक तुकडा खाल्ला, मग अर्धा अभिच्या ताटलीतला घेतला.

"छान आहे. हलका आहे," त्या म्हणाल्या. "कशाने एवढा फुगतो गं?"

मी वाढणाऱ्या बाईंना विचारलं. त्या अभिमानाने म्हणाल्या, अंड्यांनी, भरपूर अंडी घालतो आम्ही. मी ते भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मिटलं. पण 'आयर', म्हणजे अंडी, या शब्दाशी आईंची बाजारात चांगली ओळख झालेली होती. त्यांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उरलेला घास शांतपणे तोंडात टाकला.

"आता खाल्लं ते खाल्लं. मारुतीला मी सांगते, सुनेनं घातलं म्हणून."

तर उपवास असेल त्यांनी हा केक खाऊ नये. नसेल त्यांनी न खाता परतू नये.

रात्री राहायला आम्ही फेरिएनवोनुंग घेतलं होतं, म्हणजे स्वयंपाकघरासकट छोटं घर. पाच माणसांत ते हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि बाळाची पेज करता येते. दूध, दही, केळी शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी दुकानाचं शटर उघडत नाही. दुसऱ्या दिवशीही हाइडेतच फिरायचं ठरलं होतं, पण सकाळी उठलो तर झोडपून पाऊस. घरमालकीण आमची तोंडं बघून म्हणाली, बाळाला घेऊन भिजू नका, जवळच एक पक्षी उद्यान आहे, त्यात उबदार हॉल आहे. आणि तिनेच आम्हाला तिच्या गाडीतून सोडलं. उद्यानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे एका बाईंनी आमच्यासाठी नेहमीपेक्षा जास्त वेळ काढला आणि त्यांना उगाच त्रास नको. या भागात अशी दोन-तीन ठिकाणं आहेत. तिकीट माणशी वीस-बावीस युरोच्या घरात, लहान बाळ फुकट.

पाऊस पडत असल्याने सगळं जग त्या काचेच्या हॉलमध्ये शिरलेलं. आत पाऊल टाकलं की चष्मा धुरकट आणि अंगाला घाम. बाबांनी स्वेटर काढून काखेत मारला. "हे बरंय. पैसे देऊन उकाडा." पण चेहरा खुलला होता. जुलैपासून पहिल्यांदाच त्यांना ऊब मिळाली होती.

हॉलच्या टोकाला, जाळीपलीकडे, वेली आणि वाकड्या फांद्या होत्या. पाटीवर लिहिलं होतं की हा जावा बेटावरचा पक्षी. रात्री पतंग, टोळ, किडे खातो. दिवसा हलत नाही. जर्मन नाव फ्रॉशमाउल, म्हणजे बेडकाचं तोंड. आपल्या सह्याद्रीत याचा एक भाऊबंद आहे आणि त्याला बेडूकतोंड्या म्हणतात, हे अभिने फोनवर शोधलं. लोक येत होते, पाटी वाचत होते, आत बघत होते आणि पुढे जात होते. आम्हीही पाचही जण बघत उभे राहिलो.

"पाटी आहे. पक्षी नाही," बाबांनी निकाल दिला.

तेवढ्यात हातात बादली घेऊन तिथली पक्षी सांभाळणारी बाई आली. रबरी बूट, पिकलेले केस, गळ्यात चष्मा. तिला आपण फ्राऊ लेंके म्हणू, हे खरं नाव नाही. ती हसली आणि बोटाने दाखवलं. फांदीवर वाळक्या सालीचा एक तुकडा होता, तो मी मघापासून बघत होते. त्या सालीला डोळ्याची बारीक फट होती. चोच वर, पिसं राखाडी-तपकिरी, चोचीभोवती मिशांसारखे ताठ केस. एकदा दिसला की मग दुसरं काही दिसेना. इतकं कुरूप आणि इतकं गोड मी एकाच जागी कधी बघितलं नव्हतं. त्याच्या पोटाखाली फांदीला चिकटलेली पेल्याच्या तळाएवढी मऊ गादी होती. घरटं तेवढंच.

"तो अंड्यावर बसलाय," फ्राऊ लेंके म्हणाली. मी मराठीत सांगितलं.

"तो? की ती?" आईंनी विचारलं.

"तो. दिवसभर नर बसतो. अंधार पडला की मादी येते. एकच अंडं घालतात ते."

"म्हणजे दिवसपाळी नवऱ्याची," बाबा म्हणाले आणि अभिकडे बघून हसले. अभि हसला नाही, हे मला तेव्हा दिसलं पण कळलं नाही.

आता आईंचं सांगते. त्या पाटण भागात एका वाडीत शाळेवर होत्या, शाळेमागेच खोली, आणि खोलीमागे कोंबड्या. अंड्यावर बसणाऱ्या कुठल्याही जिवाबद्दल त्यांना आपलेपणा आहे. त्यांनी मला दुभाषी करून टाकलं. "तिला विचार, खुडूक कोंबडीसारखाच अंगावर येतो का हा?" खुडूक म्हणजे अंडी उबवायच्या तयारीतली कोंबडी, हे जर्मनमध्ये सांगताना मला घाम फुटला. पण फ्राऊ लेंकेला लगेच समजलं. "गेनाऊ!" ती म्हणाली, म्हणजे अगदी तसंच. तिच्या आईकडेही कोंबड्या होत्या. मग दोघी सुटल्या. बदकाची अंडी कोंबडीखाली कशी ठेवायची, कोंबडीला पाणी प्यायला कधी उठवायचं. मी मधल्या मध्ये धावत होते. अभि आणि बाबा इराला घेऊन पोपटांकडे गेले.

मग फ्राऊ लेंकेने खिशातून एक पांढरं अंडं काढून आईंच्या हातावर ठेवलं. हलकं नाही, जड होतं. प्लास्टरचं.

"याच्यासारखंच आत्ता त्याच्याखाली आहे," ती म्हणाली. "जोडी नवखी आहे. मागच्या वेळी अंडं फुटलं. म्हणून या वेळी खरं अंडं आम्ही उबवायच्या मशीनमध्ये ठेवलंय आणि त्याला हे दिलंय. नाहीतर तो उठून जाईल."

आईंनी ते अंडं तळहातावर तोललं. "फसवलं होय त्याला," त्या हळूच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तिला विचार, खरं परत देणार ना?"

मी विचारलं. फ्राऊ लेंके म्हणाली, देणार, तेच तर सगळ्यात महत्त्वाचं काम. पिल्लू आतून कवच टोचायला लागलं, आवाज द्यायला लागलं, की ते फुटायच्या आत त्याच्याखाली ठेवायचं. मग ते त्याच्याचखाली बाहेर येतं. "आणि उशीर झाला तर?" आईंनी विचारलं. फ्राऊ लेंकेने बादली खाली ठेवली. पूर्वी एक पिल्लू आम्ही हाताने वाढवलं, ती म्हणाली. त्याचा काही दोष नाही, आमचाही नाही, जगवायचं होतं. मागच्या पिंजऱ्यात आहे, छान धडधाकट आहे. मी सकाळी आले की उडत माझ्याकडे येतं.

एवढं मी भराभर मराठीत सांगितलं. मग ती पुढचं वाक्य बोलली आणि मी थांबले.

"काय म्हणाली?" आई.

"काही नाही. तेच."

"तेच नाही. तुझा चेहरा बघितला मी. सांग की."

मला ते म्हणायचं नव्हतं. त्या जाळीसमोर, त्या उकाड्यात, माझ्या सासूला, जिने माझ्यावरचं ओझं स्वतःहून उचललं होतं, तिला मी हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? पण त्या बघत राहिल्या. चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या तोंडून खरं काढलेली बाई ती.

"ती म्हणाली," मी सांगितलं, "त्याला आईबापाशेजारी सोडून बघितलं, पण ते त्यांना ओळखत नाही. आणि ते दोघं त्याला ओळखत नाहीत."

आईंनी प्लास्टरचं अंडं परत दिलं. फ्राऊ लेंकेला हात जोडून नमस्कार केला. तिनेही बादली उचलायच्या आधी तसाच केला. आम्ही हॉलबाहेरच्या पडवीत जाऊन बसलो. समोर तळ्यात फ्लेमिंगो पावसात उभे होते. मी पर्समधून चिक्की काढून दिली, त्यांनी ती हातातच धरली.

"अभि साडेतीन वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "माझी बदली त्या वाडीवर झाली. दिवसाला दोन गाड्या. हे मिरजेच्या डेपोला. पोराला बघणार कोण? माझ्या भावाकडे तासगावला ठेवला. वहिनीनं जिवापाड केलं, अगदी स्वतःच्या पोरासारखं. मी सुट्टी लागली की जायचे. दोन वर्षांनी आणायला गेले तर वहिनीच्या पदराआड लपला. वाडीवर आणला तर महिनाभर रोज संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहायचा. मामीकडे जायची गाडी कधी येते, विचारायचा. मला विचारायचा, मुग्धा. मलाच."

मी पर्सची चेन उगाच उघडबंद करत होते.

"वर्गातली पोरं मला बाई म्हणायची, तोही बाईच म्हणायचा. पुढे आई म्हणायला लागला. पण मला 'तुम्ही' म्हणतो. मामीला अजून ए मामी, तू. तुला वाटतं आमच्या घरचं वळण आहे."

खरंच मला तसं वाटत होतं. लग्न झाल्यावर मी माझ्या आईला कौतुकाने सांगितलंसुद्धा होतं, की बघ, सख्ख्या आईला अहो-जाहो करतो, केवढे संस्कार.

"कोणाचं काही चुकलं नाही," आई म्हणाल्या. "पोरगं गुणाचं निघालं, माझं सगळं करतो. पण ते हातातून गेलं ते गेलं. आणि इराला नेते म्हणाले ना मी, ते तुमच्या सोयीसाठी नव्हतं गं सगळं. मला हवी होती ती. याचं जे राहून गेलं ते तिच्यात मिळेल, असं वाटलं. खोटं कशाला बोलू?" त्यांनी चिक्की परत माझ्या हातात दिली. "मी तिला नेणार नाही."

आता कोणालाही वाटेल की मी त्यांच्या गळ्यात पडले असेन. छे. मी चिडले. "आई, आत्ता? पासपोर्ट झाला, तिकीट झालं, मी कामावर येते म्हणून कळवून बसले. आता तिला कुठे ठेवू मी?" माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. आणि मग मला रडू फुटलं, नाकातून, डोळ्यातून, सगळीकडून. कारण इतका आनंद झाला होता की त्याचाच राग आला होता. हे मला आधी का नाही म्हणालात, असं काहीतरी मी बोलत होते. "मला तरी कुठं कोणी सांगितलं होतं तेव्हा," आई म्हणाल्या आणि पदराने माझं नाक पुसलं, जसं त्या इराचं पुसतात.

बाकीचं आगगाडीत झालं. उद्यानाच्या दारातून झोल्टाऊला जायला रविवारी बस जवळपास नसतेच, आधी टॅक्सी सांगून ठेवा. आम्ही ती सांगून ठेवली नव्हती आणि पावसात बराच वेळ उभे राहिलो, त्यामुळे गाडीत बसलो तेव्हा सगळ्यांची लोणच्याची फोड झालेली. इरा अभिच्या मांडीवर झोपली होती. आईंनी सरळ सांगून टाकलं, "इरा येत नाही आपल्याबरोबर." कारण सांगितलं नाही.

बाबांनी आधी तिकिटाचं विचारलं. मग म्हणाले, "मग पोरीला बघणार कोण?"

मी खिडकीबाहेर बघत होते.

"मी," अभि म्हणाला.

त्याने जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. इथे बापालाही एल्टर्नत्साइट मिळते, मूल सांभाळायची रजा. त्याच्या ऑफिसात दोघांनी घेतली होती. त्याने चौकशीही करून ठेवली होती. बऱ्याच आठवड्यांआधी कळवावं लागतं, म्हणजे याच आठवड्यात.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं. माझा आवाज परत चढायला लागला होता.

त्याने बाबांकडे बघितलं. "आईंनी एवढ्या मायेने म्हटलं होतं. आणि मला वाटलं, बाबा म्हणतील, बायको कामाला आणि हा घरी."

बाबा सरळ होऊन बसले. मग त्यांची चौकशी सुरू झाली, एकेक प्रश्न, खिडकीवर प्रवाशाला विचारावा तसा. नोकरी सोडायची का? नाही, रजा. परत घेतात? घ्यावंच लागतं, कायदा आहे. पगार? नाही, पण सुरुवातीला थोडे पैसे सरकार देतं. रजा वर्षभर? वर्षभर.

"स्वयंपाक येतो का तुला?"

"येतो की, बाबा."

"भात करपवतोस."

"त्या दिवशी एकदाच."

बाबांनी झोपलेल्या इराचं पाऊल धरलं आणि मोजा वर ओढला. "मी तुझ्या वेळेला चार दिवसांची रजासुद्धा मागितली नाही," ते म्हणाले. "मिळाली नसती. पण मागितली नाही." तेवढ्यात हानोफर आलं, आणि तिथे प्लॅटफॉर्म बदलला म्हणून गाडा उचलून सगळ्यांना पळावं लागलं.

खर्चाचं म्हणाल तर दोन दिवसांची ही सहल पाच माणसांत फार जड नाही. सगळ्यात महाग राहणं, त्याखालोखाल उद्यान. फुलांसाठी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा धरा. पाऊस लागलाच तर वैतागू नका.

त्या अंड्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. वेळेत परत दिलं असेल असं धरून चालले आहे. आईंचं सगळं इथे लिहू का, हे मी त्यांना विचारलं होतं. "लिही," त्या म्हणाल्या, "कोणीतरी तिकीट काढायच्या आधी वाचेल." अभिला मी आधी वाचायला दिलं. वाचून झाल्यावर तो इराला घेऊन बाल्कनीत गेला आणि बऱ्याच वेळाने आत आला.

आता तो घरी असतो. भात अजूनही मधूनमधून करपतो. मी प्रयोगशाळेतून आले की इरा आधी त्याच्या पायामागे जाते, आणि मला क्षणभर वाईट वाटतं. मग ती हात वर करते. वर्ष कसं जाईल माहीत नाही, पैशांची ओढाताण होणार हे माहीत आहे.

ऑक्टोबरात आई-बाबांना सोडायला विमानतळावर गेलो. तीन महिने इरा आईंच्याच अंगाखांद्यावर होती. आंघोळ त्यांच्याकडे, झोप त्यांच्याकडे, लागलं की धाव त्यांच्याकडे. तपासणीच्या रांगेशी आम्ही थांबलो आणि तिला काहीतरी कळलं. तिने माझ्या कडेवरून आईंकडे झेप घेतली, दोन्ही हात पसरून, आणि मोठ्याने रडायला लागली. मी तिला पुढे केलं. म्हटलं, शेवटचं एकदा घ्या, आई.

आईंनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले. त्यांचे डोळे भरले होते, पण हात काही बाहेर काढले नाहीत.

"नको," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडेच शांत होऊ दे तिला."

आणि त्या रांगेत शिरल्या. इरा त्यांना हाका मारत राहिली, मी तिला धरून उभी राहिले. बाबांनी दोनदा मागे बघितलं, आईंनी एकदाही नाही. त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा इराने डोकं माझ्या मानेत घुसवलं आणि हुंदके देत देत तिथेच झोपली.